संवादाच्या अभ्यासकांची नियतकालिके

तुम्ही वर्तमानपत्र वाचता, आकाशवाणी ऐकता, दूरदर्शन पाहता. ही माध्यमे जगाची वार्ता आपल्यापर्यंत आणतात. परंतु या माध्यमांचा अभ्यास करणारे संशोधक आणि ही विद्या शिकवणारे शिक्षक परस्परांशी विचारविनिमय कसा करतात? त्यासाठी त्यांची स्वतंत्र नियतकालिके असतात.

अशा नियतकालिकांची गरज काय, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. छत्तीसगडमधील भिलाई येथे १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामासाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. त्यामुळे सुपेल्यासारख्या भागात छत्तीसगडी व हिंदीबरोबर मराठी, तेलुगू, बंगाली अशा अनेक भाषा कानी पडतात. येथे लसीकरणाची किंवा दूषित पाण्याची सूचना कोणत्या भाषेत द्यावी? फलक लावावा, की घरोघर जाऊन सांगावे? ज्याला वाचता येत नाही, त्याचे काय? सूचना दिली गेली, म्हणजे ती समजलीच असे नाही. आणि न समजलेली सूचना प्राणावर बेतू शकते. अशा प्रश्नांची उत्तरे केवळ तर्काने मिळत नाहीत. ती लोकांत जाऊन शोधावी लागतात आणि इतरांना पडताळता येतील अशा रीतीने मांडावी लागतात.

ही मांडणी संशोधनपर नियतकालिकांतून होते. लेख आला की संपादक तो बहुधा लेखकाचे नाव झाकून त्या विषयाच्या जाणकारांकडे पाठवतात. माहिती कशी गोळा केली, निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का, हे ते तपासतात. त्यांच्या अभिप्रायानुसार लेख स्वीकारला जातो, सुधारण्यास सांगितला जातो किंवा नाकारला जातो. याखेरीज अशा नियतकालिकांत ग्रंथपरीक्षणे, अध्यापनाचे अनुभव आणि मतभेद मांडणारी पत्रेही येतात. कोणाचेही म्हणणे केवळ अधिकाराच्या बळावर खरे मानायचे नाही, हे या व्यवहाराचे मूलतत्त्व होय.

या परंपरेला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९१४ साली वक्तृत्व शिकवणाऱ्या १७ शिक्षकांनी इंग्रजीच्या शिक्षकांपासून वेगळी संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचे त्रैमासिक काढले. भारतात १९६५ साली दिल्ली येथे भारतीय जनसंचार संस्था सुरू झाली. तिचे 'कम्युनिकेटर' हे इंग्रजी आणि 'संचार माध्यम' हे हिंदी नियतकालिक या विषयाला वाहिलेले आहे. मराठीत पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेने १९८३ साली 'भाषा आणि जीवन' हे त्रैमासिक सुरू केले. भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांचा त्यात मोठा वाटा होता. भाषेचा समाजातील वापर हा त्याचा विषय आहे.

छत्तीसगडचाही या संदर्भात आवर्जून उल्लेख करावा लागेल. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. ते सर्वसामान्य वाचकांसाठी होते. तरी ग्रंथांचे साक्षेपी परीक्षण करण्याची शिस्त त्याने रुजवली. आर्थिक अडचणींमुळे १९०२ च्या अखेरीस ते बंद पडले. पुढे १९८४ साली भोपाळ येथे सप्रे यांच्या नावाने समाचारपत्र संग्रहालय स्थापन झाले. तेथे जुन्या वृत्तपत्रांचे अंक अभ्यासकांसाठी जतन केले जातात.

'छत्तीसगढ मित्र'च्या अनुभवातून एक गोष्ट ध्यानात येते. विचार कितीही मोलाचा असला, तरी वर्गणीदार आणि वाचक यांच्या आधाराशिवाय नियतकालिक टिकत नाही. ते बंद पडले, तर त्या भाषेतील शिक्षकाला परक्या भाषेतील अनुभवावर विसंबावे लागते आणि आपल्या गावचे प्रश्न अनुत्तरित राहतात. म्हणून ग्रंथालयात गेल्यावर असा एखादा अंक अवश्य उघडून पाहा. लेखकाने काय म्हटले आहे, एवढेच न पाहता, ते त्याला कसे कळले, हेही शोधा. जाणत्या वाचकाची ती पहिली खूण आहे.