पाठीवरची पखाल

डोंगरात सायकल चालवतो असं सांगितलं, की समोरचा हमखास दोन प्रश्न विचारतो. सायकल केवढ्याला पडली, आणि या वयात हे काय नवीन? गिअर किती, हे विचारणारेही भेटतात. पण 'पाणी कुठे ठेवता?' असं आजवर कुणी विचारलेलं नाही. खरं म्हणजे या छंदातली अर्धी अक्कल त्याच प्रश्नात आहे, आणि उरलेली 'पाना कुठे ठेवता?' या प्रश्नात.

डांबरी रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला ही चिंता नसते. चार-सहा किलोमीटरवर चहाची टपरी येते. झाडाला जुना टायर टांगलेला दिसला, की पंक्चरवाला आला समजावं. डोंगरातल्या पायवाटेवर मात्र जे बरोबर नेलं तेवढंच आपलं.

सर्वात सोपा उपाय म्हणजे सायकलच्या दांडीवरच्या पिंजऱ्यात बसणारी बाटली. पाऊण लिटर पाणी, भार सायकलवर, पाठ मोकळी. पण दगडधोंड्यांच्या उतारावर ती उडून केव्हा करवंदीच्या जाळीत जाते, ते खाली पोचल्यावरच कळतं. पावसाळ्यात तर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका तिच्या तोंडावर बसतो, आणि आपल्याकडच्या चिखलात शेण किती आणि माती किती हे सांगणं कठीण. पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो, तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तोंडावर झाकण असलेली बाटलीच घ्यावी.

दुसरा उपाय पाठीवरच्या पिशवीचा. त्याची गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स गावी ऐन ऑगस्टमध्ये शंभर मैलांची सायकलस्वारी होते. तिचं नावच नरकाहून तापलेले शंभर मैल अशा अर्थाचं आहे. १९८९ साली तिथे मायकेल आयडसन नावाचा, तातडीच्या वैद्यकीय सेवेत काम करणारा माणूस उतरला. त्याने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली आणि सदऱ्याच्या पाठीवर टाचली. नळी खांद्यावरून पुढे आणली आणि तिचं तोंड कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केलं. लोक हसले असतील, पण त्यातूनच 'कॅमलबॅक' ही कंपनी उभी राहिली.

आपल्याला यात नवल वाटायला नको. हाल्याच्या पाठीवरची चामड्याची पखाल आपल्या आजोबांनी रोज पाहिली होती. फरक इतकाच, की आता हाल्याच्या जागी आपण. तीन लिटरची पिशवी म्हणजे तीन किलो वजन, तेही उंचावर. वळणावर ते आपल्या मागून, जरा उशिराने वळतं. दोन तासांनी कंबर बोलू लागते, आणि मग आमचे काही मित्र दुकानात जाऊन महागडं खोगीर घेऊन येतात! दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं.

कमरेच्या पट्ट्याची पिशवी हा त्यातला सुवर्णमध्य. भार खाली राहतो, पाठीला वारा लागतो. मात्र पाणी दीड लिटरच्या वर गेलं, की ती घसरू लागते. तास-दोन तासांच्या फेरीला मी तीच वापरतो. पाठीची पिशवी उन्हाळ्यासाठी.

कारण उन्हाळ्यात आपला सह्याद्री फसवा असतो. माथ्यावर काही ठिकाणी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण काळा कातळ ते धरून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये झरे आटतात, गडावरच्या टाक्यांत हिरवा गाळ उरतो. चढावर उन्हात माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. चार तासांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

'वाडीत मागू की,' असं नवखे म्हणतात. मिळतं, हेच तर अवघड आहे. धनगरवाड्यावर कुणी नाही म्हणत नाही. आधी गुळाचा खडा पुढे येतो, मग तांब्या. एका मे महिन्यात मुळशीच्या वरच्या अंगाला आम्ही पाच जण असेच टेकलो होतो. प्रत्येकाने बाटली भरून घेतली. त्यात अर्धा हंडा संपला. तो हंडा खालच्या घळीतल्या झऱ्यावरून डोक्यावर आलेला. आमच्यातल्या एकाने तोंड धुवायला ओंजळ पुढे केली, तेव्हा दारातली सात-आठ वर्षांची पोर धावत आली आणि त्याच्या हाताखाली घमेलं सरकवून गेली. ते पाणी शेळ्यांना जायचं होतं. आता आमच्या टोळीचा दंडक आहे : मे महिन्यात माणशी तीन लिटर घरून.

हत्यारांचं शास्त्र वेगळं. पाणी पोटात जाऊन हलकं होतं, लोखंड जात नाही; म्हणून ते सायकलवरच असावं. शिवाय पडल्यावर मणक्याखाली पाना येणं ही कल्पनाच वाईट. ब्रूक्सच्या खोगिरामागे हत्यारांची पिशवी अडकवायला कड्या असायच्या. आजच्या डोंगरी सायकलचं खोगीर उतारावर खाली जातं आणि पिशवी मागच्या चाकाला घासते. म्हणून ट्यूब, लिव्हर आणि हवेचा छोटा पंप एका पट्ट्याने दांडीला आवळतात. स्पेशलाइज्ड कंपनीने २०१६च्या स्टम्पजंपरमध्ये तर खालची दांडीच पोकळ ठेवून तिला दार बसवलं. घरातल्या फडताळासारखं!

१९१३च्या टूर द फ्रान्समध्ये युजेन क्रिस्तोफचा पुढचा चिमटा तूरमाले घाटात मोडला. स्पर्धकाने दुरुस्ती स्वतःच करायची असा नियम. तो सायकल खांद्यावर घेऊन दहाएक किलोमीटर चालला, खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीत त्याने चिमटा स्वतः जोडला, आणि एका पोराने भाता मारला म्हणून वर दंडही खाल्ला.

आपल्यावर अशी वेळ येत नाही. बाभळीचा काटा आणि तुटलेली साखळी, हे नेहमीचे पाहुणे. जादा ट्यूब, पॅच, ॲलन कीचा जुडगा, साखळी जोडायची कडी, फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा, एवढ्यावर भागतं. मी दोन मीटर नायलॉनची दोरीही ठेवतो. तिचा उपयोग आजवर एकदाच झाला, करवंदांची टोपली सायकलला बांधायला.