आधी फळा, मग पदविका!

पनवेलच्या स्टेशनवर उतरले की चहूकडे इमारतीच इमारती दिसतात. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, खारघर-कामोठ्याच्या वसाहती तिच्यात आल्या, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात शेजारीच विमानतळाचे उद्घाटन झाले. या वसाहतींत शिकवायला माणूस मिळत नाही अशी तक्रार सहसा कानी येत नाही. एकेका जिन्यात दोन-दोन शिकवण्या चालतात! पण तेथून कर्नाळ्याच्या किंवा प्रबळगडाच्या पायथ्याकडे वळले, की ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. दिवाळी सरली की यांतली कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर निघून जातात. अशा ठिकाणी बदली झालेल्या गुरुजींचा एक डोळा फळ्यावर, तर दुसरा पुढच्या बदलीच्या यादीवर असला, तर त्यात नवल ते काय?

डी.एड.ची पदविका हाती घेऊन भरतीची वाट पाहणारे तरुण आपल्या राज्यात कमी नाहीत. तरीही वाडीवरची खुर्ची रिकामी राहते. तेव्हा टंचाई पदविकेची नाही. तिथे राहणाऱ्या, टिकणाऱ्या आणि मुलांची बोली समजणाऱ्या माणसाची आहे. मग असा माणूस वाडीतूनच निवडून, त्याला शिकवता-शिकवता पदविका मिळवू द्यावी की नाही? प्रश्न साधा दिसतो. पण त्यात मुलांचे आयुष्य गुंतलेले आहे.

ही वाट नवी मुळीच नाही. मुंबई इलाख्यात व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मुलगा मास्तर होई आणि ट्रेनिंग कॉलेजात पुढे केव्हातरी जाई. अनुताई वाघ अशाच लहान वयात शाळेत शिकवू लागल्या. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडकांच्या हाताखाली बोर्डीला आल्या, आणि बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! आदिवासी मुले गुरांमागे रानात जातात म्हटल्यावर या दोघींनी शाळाच कुरणात नेली. मात्र कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखले होते, की गावोगाव शाळा काढायच्या तर गावात रुजणारे शिक्षकही घडवावे लागतात. म्हणूनच १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. दार सखल ठेवावे, पण आतली शिडी मजबूत असावी, हाच त्यातला धडा.

आपल्या काळात याची मोठी परीक्षा झाली ती वस्तीशाळांत. २००० च्या सुमारास, जिथे जवळपास शाळा नव्हती अशा वस्त्यांवर महाराष्ट्र सरकारने या शाळा उघडल्या. त्याच भागातले शिकलेले तरुण-तरुणी तुटपुंज्या मानधनावर शिकवू लागले. लोक त्यांना ‘निमशिक्षक’ म्हणत. शब्दच पाहा! मुले पूर्ण, शाळा पूर्ण, शिक्षक तेवढा अर्धा! पुढे त्यांना सेवेत राहूनच डी.एड. करण्याची सोय झाली, आणि २०१४ मध्ये त्यांना जिल्हा परिषदेच्या नियमित सेवेत घेण्याचा निर्णय झाला. म्हणजे वाट बरोबर होती. पण ती चालायला दशकाहून अधिक काळ लागला. तेवढ्यात एका मुलाची पहिली ते दहावी होऊन जाते!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांची किमान पात्रता सक्तीची केली. अप्रशिक्षितांना मुदत मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने ती ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढली. तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या अठरा महिन्यांच्या पदविकेसाठी देशभरातून बारा लाखांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवले. पुढे मात्र, ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची आहे काय, यावर खटले झाले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. शिवाय १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. वीस-वीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यांना हसू नये.

आता वाचकांपैकी कोणी विचारील, “अर्धवट शिकलेल्या मास्तरांच्या हाती तुम्ही स्वतःचे मूल द्याल काय?” प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही स्पष्ट आहे: नाही देणार. म्हणूनच वाडीवरच्या मुलालाही कायमचा अर्धा शिक्षक देण्याचा हक्क आपल्याला नाही. परीक्षा सर्वांना एकच हवी. फरक असावा तो फक्त तिथवर पोहोचण्याच्या वाटेत. पोटाला पुरेल एवढे मानधन, प्रशिक्षण पुरे करण्याची ठरलेली तारीख, आणि ते पुरे होताच कायम नेमणूक, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर असाव्यात. नाहीतर ‘पर्यायी वाट’ म्हणजे स्वस्तातला मजूर मिळवण्याची युक्ती ठरेल.

आणखी एक सुचवावेसे वाटते. २०२३ च्या जुलैत सरकारने निवृत्त शिक्षकांना सत्तर वर्षे वयापर्यंत दरमहा २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याची मुभा दिली. या अनुभवी मंडळींना रिकाम्या खुर्चीवर बसवण्यापेक्षा वाडीतल्या नव्या शिक्षकाशेजारी उभे केले तर? अपूर्णांक कसा समजवावा, मागच्या बाकावरच्या मुलीला बोलते कसे करावे, हे पुस्तकापेक्षा अशा माणसाकडून लवकर उमगते. आपल्या घरातही असे एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई असतील. फराळाला एकत्र बसाल तेव्हा त्यांना हे जरूर विचारा. पनवेलच्या वसाहतीपासून त्या वाडीपर्यंतचे अंतर काही मैलांचेच आहे.