क्रियाशील जालपृष्ठे आणि मराठी शब्दशोध

१

एखाद्या बोलीच्या शब्दसंग्रहाचे जालपृष्ठ आहे, अशी कल्पना करावी. वर शोधाची चौकट आहे आणि खाली नोंदींची यादी आहे. अभ्यासक चौकटीत 'दऱ्या' हा शब्द लिहू लागतो. एकेक चिन्ह उमटते तसतशी खालची यादी आखूड होत जाते, आणि अखेर पृष्ठावर वाक्य येते : 'ही नोंद संग्रहात नाही.' अभ्यासक तसे टिपून घेतो व पुढील शब्दाकडे वळतो. वस्तुतः 'दरी' या शब्दाचे ते अनेकवचन संग्रहात आहे. पृष्ठाला ते ओळखता आले नाही, इतकेच. छापील कोशात अशी चूक सहसा टिकत नाही, कारण मागची-पुढची पाने चाळणारा डोळा ही उणीव भरून काढतो. क्रियाशील पृष्ठ मात्र स्वतःच निवड करते आणि उरलेले दृष्टीआड करते. म्हणून ही निवड कशी होते, हे जाणून घेणे केवळ यंत्रज्ञाचे काम नव्हे. ज्याचा निष्कर्ष तिच्यावर अवलंबून आहे त्या भाषाभ्यासकाचेही ते काम आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्रेमवर्कांच्या साहाय्याने पृष्ठाला क्रियाशीलता कशी येते, आणि मराठी शब्दशोधाच्या बाबतीत तिच्या मर्यादा कोठे पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात जी जालव्यवस्था सिद्ध केली, तिच्यातील पृष्ठ हे मूलतः वाचावयाचे पत्रक होते. वाचकाने दुवा दाबला की दूरच्या सर्व्हरकडून नवे पत्रक येई. आलेल्या पत्रकात मात्र काही बदलत नसे. हा निश्चलपणा १९९५ मध्ये सरला. त्या वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. तिच्यातील आज्ञा सर्व्हरवर नव्हे, तर वाचकाच्याच ब्राउझरमध्ये पाळल्या जातात. १९९८ मध्ये पृष्ठाच्या अंतर्गत रचनेचे पहिले प्रमाण ठरले. त्यानुसार पृष्ठ म्हणजे एक वृक्ष होय : मथळा, परिच्छेद, यादी व यादीतील प्रत्येक नोंद या त्याच्या शाखा-उपशाखा. जावास्क्रिप्टला या वृक्षाची कोणतीही फांदी शोधता, छाटता वा नव्याने जोडता येते. पुढे संपूर्ण पृष्ठ न बदलता पाठीमागून सर्व्हरकडे मजकूर मागण्याची सोय झाली. २००५ पासून ही पद्धत 'एजॅक्स' या नावाने सर्वत्र रूढ झाली. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरी या संचाने निरनिराळ्या ब्राउझरांतील भेद झाकून हे सर्व काम सुलभ केले.

या टप्प्यापर्यंतच्या लेखनपद्धतीचे स्वरूप व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ते आज्ञार्थी होते. 'यादीतील सातवी नोंद काढ. वरचा आकडा एकाने कमी कर. यादी रिकामी झाली असेल तर सूचना दाखव' अशा आज्ञांची ती मालिका असे. पृष्ठ लहान असेपर्यंत यात अडचण नव्हती. परंतु नोंदी, गाळण्या व बटणे वाढली की कोणती तरी आज्ञा राहून जाई. यादीत तीन नोंदी दिसत आणि वरचा आकडा चार म्हणे. पृष्ठाचे खरे स्वरूप काय, या प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी कोठेच लिहिलेले नसे. ते पडद्यावर विखुरलेले असे.

३

२०१० नंतरच्या फ्रेमवर्कांनी नेमका हा प्रश्न हाती घेतला. २०१० मध्ये अँग्युलरजेएस, २०१३ मध्ये फेसबुक कंपनीने खुले केलेले रिअॅक्ट, २०१४ मध्ये इव्हान यू यांचे व्ह्यू आणि २०१६ मध्ये रिच हॅरिस यांचे स्वेल्ट अशी त्यांची परंपरा सांगता येते. त्यांपैकी अँग्युलरजेएसची देखभाल २०२१ अखेर थांबली. अँग्युलर या नावाने चालू असलेले फ्रेमवर्क २०१६ मध्ये नव्याने रचलेले आहे. त्यांच्यांत तपशिलाचे भेद पुष्कळ आहेत. तथापि मूळ कल्पना एकच आहे. पृष्ठाविषयीची बदलणारी माहिती, म्हणजे शोधशब्द, आलेल्या नोंदी, निवडलेला जिल्हा, एके ठिकाणी ठेवावयाची. तिला 'स्थिती' म्हणतात. पृष्ठाचा प्रत्येक घटक त्या स्थितीवरून कसा ठरतो, एवढेच लिहावयाचे. 'शोधशब्द असा असेल, तर यादी अशी, आकडा असा आणि सूचना अशी' हे त्या लेखनाचे रूप होय. आज्ञार्थाची जागा येथे संकेतार्थाने घेतली, असे म्हणता येईल. स्थिती बदलली की पडदा तिच्याशी जुळवून घेण्याचे काम फ्रेमवर्क करते.

ही जुळवणी प्रत्येक जण निराळ्या मार्गाने करतो. रिअॅक्ट हे पृष्ठवृक्षाचे एक वर्णन स्मृतीत ठेवते, स्थिती बदलताच दुसरे वर्णन तयार करते, दोहोंची तुलना करते आणि जेथे भेद आढळेल तेवढाच भाग खऱ्या वृक्षात बदलते. व्ह्यू हे कोणता भाग कोणत्या मूल्यावर अवलंबून आहे याची नोंद ठेवते. स्वेल्ट हे पृष्ठ वाचकाकडे जाण्यापूर्वीच अशा नियमांचे नेमक्या आज्ञांत रूपांतर करून ठेवते. परिणाम मात्र समान असतो : स्थिती आणि पडदा यांच्यांत विसंगती राहत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फ्रेमवर्क हमी देते ती स्थिती व पडदा यांच्यातील एकवाक्यतेची. स्थिती आणि भाषा यांच्यातील एकवाक्यतेची हमी ते देत नाही, आणि देऊही शकत नाही. स्थितीत चुकीचा शब्द साठला, किंवा बरोबर शब्दाची तुलना चुकीच्या रीतीने झाली, तर पडदा ती चूक अत्यंत विश्वासूपणे दाखवतो. 'दऱ्या'ची नोंद हरवली ती याच जागी.

४

पहिला प्रश्न शब्द स्थितीत केव्हा येतो, हा. इंग्रजी लिहिताना बहुधा एक कळ दाबली की एक अक्षर उमटते. मराठी मात्र अनेक जण रोमन कळांनी लिहितात. शब्द पुरा होईपर्यंत त्याचे रूप कच्चे असते व मग ते देवनागरीत पक्के होते. या मधल्या अवस्थेला ब्राउझर 'रचना' समजतो, आणि रचनेचा आरंभ, बदल व शेवट अशा तीन स्वतंत्र घटना कळवतो. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरील कित्येक कळफलक तर लिहिला जात असलेला प्रत्येक शब्द रचनाच मानतात.

व्ह्यूमधील 'व्ही-मॉडेल' ही सोय रचना संपेपर्यंत स्थिती बदलत नाही. चिनी किंवा जपानी लेखनात अर्धवट रूपांवर शोध चालू नये, हा त्यामागील हेतू रास्त आहे. परंतु भ्रमणध्वनीवर मराठी लिहिणाऱ्याचा अनुभव असा होतो की, शब्द डोळ्यांपुढे पूर्ण दिसत असताही यादी हलत नाही. मोकळी जागा सोडली की ती एकदम बदलते. अशा ठिकाणी मूल्याचे बंधन आणि लेखनाची घटना स्वतंत्रपणे लिहिणे हा उपाय आहे. याच्या उलट दोषही संभवतो. लिहिलेला शब्द 'शुद्ध' करून रचना चालू असतानाच चौकटीत परत घातला, तर कळफलकाची रचना मोडते व अक्षरे दुबार उमटू शकतात. म्हणून शुद्धीकरण चौकटीतील शब्दावर न करता, शोधासाठी काढलेल्या त्याच्या प्रतीवर करावे.

५

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न तुलनेचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीची अक्षरे नव्हे, तर चिन्हे साठवली जातात. 'विद्यार्थी' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट त्याची लांबी १० सांगते, कारण व्यंजने, स्वरचिन्हे आणि पायमोडाची चिन्हे ती वेगवेगळी मोजते. 'क्षत्रिय' या शब्दाचीही अक्षरे तीनच, पण लांबी ८. शब्दाचे पहिले काही घटक कापून दाखवणारा कार्यक्रम त्यामुळे पायमोडावरच तुटू शकतो. वाचकाला जाणवणारी एकके मोजण्याची सोय ब्राउझरांत अलीकडे आली आहे. क्रोममध्ये ती २०२० पासून, तर फायरफॉक्समध्ये २०२४ पासून आहे. तथापि देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर 'क्ष'चे दोन तुकडे मोजतो.

मराठीचा खास प्रश्न चंद्रकोरीसारख्या रकाराचा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. हा भेद मराठी लिपी डोळ्यांना स्पष्ट दाखवते. संगणकात मात्र 'दऱ्या' दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ, पायमोड व य अशी चिन्हे येतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, पायमोड, एक अदृश्य जोडचिन्ह व मग य अशी चिन्हे येतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु पहिल्याची लांबी ५ आणि दुसऱ्याची ६. संग्रह एका कळफलकावर लिहिला गेला असेल आणि अभ्यासक दुसरा वापरत असेल, तर तुलना फसते व 'नोंद नाही' असे उत्तर मिळते. वऱ्हाडी बोलीच्या शब्दसंग्रहात हा दोष केवढा अनर्थ करील, हे सांगावयास नको. त्या बोलीच्या नावातच हा रकार आहे.

युनिकोडचे प्रमाणीकरण हा यावर उपाय नव्हे. ते नुक्ता लावलेला र आणि ऱ यांना एकरूप करते. अदृश्य जोडचिन्हाच्या रूपाला ते स्पर्श करीत नाही. याहून धोक्याचा मार्ग म्हणजे अदृश्य चिन्हे 'कचरा' समजून सरसकट गाळणे. तसे केल्यास 'दऱ्या'चे 'दर्या' होते, आणि डोंगराळ मुलखाच्या शब्दांत समुद्र शिरतो. योग्य मार्ग असा : संग्रहातील मूळ रूप जसेच्या तसे ठेवावे, प्रत्येक नोंदीसाठी एक स्वतंत्र शोधरूप सिद्ध करावे, त्यात र, पायमोड व अदृश्य जोडचिन्ह हा क्रम आढळेल तेथे ऱ व पायमोड घालावे, आणि शोधशब्दालाही तोच नियम लावावा. 'अंत' आणि 'अन्त' एक मानावेत काय, हा प्रश्न मात्र निराळा आहे. सामान्य वाचकाच्या शोधात ते एक मानणे सोयीचे. लेखनपद्धतीच्या इतिहासाचा अभ्यास असेल, तर हाच भेद साधनसामग्री ठरतो.

अनुक्रमाचेही असेच आहे. भारतीय लिप्यांची समांतर मांडणी साधण्यासाठी संकेतावलीत 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ ठेवला आहे. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. केवळ संकेतक्रमाने लावलेली यादी म्हणूनच मराठी कोशाचा क्रम पाळत नाही. ब्राउझरमध्ये भाषानिहाय क्रम लावण्याची सोय आहे, परंतु भाषा मराठी आहे हे तिला स्पष्टपणे सांगावे लागते.

६

तिसरा प्रश्न मौनाच्या अर्थाचा आहे. यादी रिकामी दिसण्याची कारणे तीन असू शकतात : शोध अद्याप पुरा झालेला नाही, सर्व्हरशी संपर्क तुटला आहे, किंवा नोंद खरोखरच नाही. स्थितीत केवळ 'नोंदींची यादी' एवढेच ठेवले, तर या तिन्ही प्रसंगी पडदा एकच सांगतो. म्हणून शोधाची अवस्था हे स्थितीचे स्वतंत्र अंग मानले पाहिजे. शिवाय आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी नंतरच्या उत्तराच्याही मागून येते. 'दर' या शोधाचे उशिरा आलेले उत्तर 'दऱ्या'च्या यादीवर चढू नये, यासाठी नवा शोध सुरू होताच जुनी मागणी रद्द करावी लागते. यादीतील बदल दृष्टिहीन वाचकालाही कळावा म्हणून निकालाची संख्या 'एरिया' नियमावलीनुसार वाचनयंत्राला कळवण्याची सोय आहे, तीही वापरावी.

याच विचाराचे दुसरे टोक असे की, जावास्क्रिप्ट पोहोचलीच नाही तर पृष्ठ कोरे राहू नये. सर्व नोंदी ब्राउझरमध्येच उभारणारे पृष्ठ मंद जाळ्यावर दीर्घकाळ रिकामे दिसते. यासाठी पृष्ठाचा मजकूर सर्व्हरवरच तयार करून पाठवावा व नंतर त्यावर क्रियाशीलता चढवावी, ही सोय उपर्युक्त फ्रेमवर्कांसह चालणाऱ्या साधनांत उपलब्ध आहे. शोधाची चौकट साध्या अर्जाप्रमाणे सर्व्हरकडे शब्द पाठवू शकली, तर जावास्क्रिप्टविनाही कोश कोशच राहतो. अर्थात शोधरूपाचा नियम तेव्हा सर्व्हरवरही तोच असला पाहिजे. नाहीतर एकाच शब्दाला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळतील.

७

सारांश, फ्रेमवर्कांनी पृष्ठलेखनाला शिस्त आणली, ती स्थिती हेच एकमेव सत्य मानून. परंतु त्या सत्यात काय साठवावे, कोणती दोन रूपे एक मानावीत, आणि 'नाही' केव्हा म्हणावे, हे निर्णय भाषेचे आहेत. शब्दसंग्रहाचे पृष्ठ तयार होत असताना हे नियम भाषाभ्यासकाने लिहून दिले नाहीत, तर ते कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या सवयीने ठरतात, आणि ती सवय बहुधा रोमन लिपीची असते. पृष्ठ खुले करण्यापूर्वी दर्या, दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, बाळ, क्षत्रिय अशा निवडक शब्दांवर, दोन निराळ्या कळफलकांनी आणि भ्रमणध्वनीवरही, त्याची परीक्षा घ्यावी. संग्रहात नसलेला शब्द सापडत नाही, यात दोष नाही. असलेला शब्द नाही असे सांगणे हा मात्र पुराव्याचा लोप होय.