पंचेचाळीस सेकंदांची शर्यत

शाळेच्या स्नेहसंमेलनातली ‘स्लो सायकलिंग’ आठवते? चुन्याने आखलेल्या पट्ट्यांतून सायकल जितकी सावकाश नेता येईल तितकी न्यायची, पाय टेकला की बाद. जो सर्वांत शेवटी पोचेल त्याला बक्षीस. पुढे आयुष्यात हा खेळ कोणी गंभीरपणे घेत नाही. पण ऑलिंपिकमधल्या ट्रॅक सायकलिंगचा ‘स्प्रिंट’ हा प्रकार पाहिलात तर जगातले सर्वांत वेगवान सायकलपटू सुरुवातीला नेमके हेच करताना दिसतील. बहुतेक फेऱ्यांत समोरासमोर दोघेच असतात. पुढे राहील त्याला वारा कापावा लागतो, मागच्याला आयता आडोसा मिळतो. म्हणून दोघेही रेंगाळतात, मान वळवून एकमेकांकडे पाहतात, कधी तर जागच्या जागी तोल सांभाळत उभे राहतात. मग एकाचा धीर सुटतो आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर जातो.

नागपुरात सायकल म्हटले की डोळ्यांपुढे लांब पल्ला येतो. त्याला कारणही आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. तेव्हापासून फुटाळ्यावर किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर सकाळी दोन सायकलस्वार भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आज किती किलोमीटर?’ हा प्रश्न चांगला असला तरी त्यामुळे अनेकजण सायकल सोडतात, असे माझे मत आहे. नोकरी, घर, मुलांची शाळा सांभाळून रोज तीन तास कोण काढणार?

आता नागपूरपासून साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्याकडे पाहू. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेसाठीच्या भारतीय सायकलिंग संघात भंडारा जिल्ह्यातल्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी होत्या. त्यांचा प्रकार स्प्रिंटचाच. त्यातल्या ‘टीम स्प्रिंट’मध्ये तिघी एकामागोमाग एक निघतात. पहिली एक फेरी ओढून बाजूला होते, दुसरी पुढची फेरी ओढते, तिसरी शेवटची फेरी एकटी पुरी करते. अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर एकूण ७५० मीटर. जगातले सर्वोत्तम महिला संघ हे अंतर ४५ सेकंदांच्या आसपास कापतात. म्हणजे ज्या विदर्भातून अकरा-बारा दिवस चालणाऱ्या शर्यतीचा सायकलपटू आला, तिथूनच पाऊण मिनिटाच्या शर्यतीच्या दोन मुलीही आल्या. पहिल्याचे नाव बहुतेकांना माहीत असते, या दोघींचे फारसे नसते.

पाऊण मिनिटात काय एवढे, असे शंकरपट पाहिलेला माणूस विचारणार नाही. सेकंदाच्या अंशाने हरणे-जिंकणे आणि त्यावर दिवसभर चालणारी चर्चा आपल्याकडे नवी नाही. ट्रॅकची गंमतही तशीच. प्रेक्षक एका जागी बसून सगळी शर्यत पाहू शकतो. ‘एलिमिनेशन’मध्ये दर दोन फेऱ्यांनी सर्वांत मागचा बाद होतो, म्हणजे पुढच्यापेक्षा मागच्याकडे बघण्यातच मजा. ‘किरिन’ हा प्रकार १९४८ मध्ये जपानमध्ये सुरू झाला. त्यात आधी एक वाहन घोळक्यापुढे चालत हळूहळू वेग वाढवते आणि ते बाजूला झाले की झुंबड उडते.

सायकलही निराळी असते. तिला ब्रेक नसतो, गिअर बदलता येत नाहीत आणि मागचे चाक फिरते तोवर पॅडल फिरतच राहते, पाय थांबवायची सोयच नाही. अडीचशे मीटरच्या ट्रॅकची वळणे ४० अंशांहून अधिक तिरपी असतात. असा बंदिस्त लाकडी ट्रॅक दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधला गेला आणि राष्ट्रीय संघाचा सराव तिथेच चालतो. पुण्याला बालेवाडीत ट्रॅक आहे, पण तो उघड्यावरचा. भंडाऱ्याच्या मुलीला या खेळात पुढे जायचे तर घर सोडावेच लागते.

शरीराच्या दृष्टीने हा पाऊण मिनिट फार महागडा असतो. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते: वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट हवी. पहिली आठ-दहा सेकंदे स्नायूंमधल्या क्रिएटिन फॉस्फेटच्या तयार साठ्यावर निघतात. तो संपत आला की साखर ऑक्सिजनशिवाय, घाईघाईने मोडली जाते आणि लॅक्टेट साचू लागते. पायात जी आग होते ती या टप्प्यावरची. इथे एक गैरसमज दूर करू. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या ‘लॅक्टिक ॲसिड’मुळे नव्हे. लॅक्टेट तास-दोन तासांत निघून जाते, उलट हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखणे असते ते सवय नसलेल्या श्रमाने स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांचे.

या छोट्या शर्यतींतून सामान्य माणसाने घेण्यासारखे काही आहे का? आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये बैठे काम करणाऱ्या २७ पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने आठवड्यातून तीनदा मध्यम वेगाने ४५ मिनिटे व्यायामाची सायकल चालवली. दुसऱ्याने फक्त दहा मिनिटे. त्यातही पूर्ण जोर लावायचा तो २० सेकंदांच्या तीन झटक्यांत, मध्ये दोन-दोन मिनिटे सावकाश. तिसरा गट व्यायामाविना. बारा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सारखीच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती. अभ्यास लहान आहे आणि त्यात स्त्रिया नव्हत्या, हे लक्षात ठेवून वाचावे. तरीही ‘वेळ नाही’ या सबबीला त्याने धक्का दिला आहे.

मात्र पूर्ण जोराचा झटका म्हणजे हृदयावर अचानक आलेला भार. वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाच-दहा मिनिटे हलके पॅडल मारून अंग गरम केल्याशिवाय जोर लावू नका आणि झटका संपल्यावर एकदम उतरून उभे राहू नका. पायात उतरलेले रक्त वर यायला सावकाश पॅडल मारणेच बरे. एप्रिल-मेच्या नागपुरात हा प्रयोग सकाळी सातच्या आत उरकावा.

पावसाळ्यासाठी आणखी एक भावंड आहे, सायक्लोक्रॉस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये हिवाळ्यात सायकलपटूंना तंदुरुस्त ठेवायला तो सुरू झाला आणि आज बेल्जियममध्ये तो जत्रेसारखा साजरा होतो. तीनेक किलोमीटरचा चिखल, गवत आणि चढांचा फेरा, वाटेत फळ्यांचे अडथळे. तिथे उतरायचे, सायकल खांद्यावर टाकायची, पळायचे, पुन्हा उडी मारून बसायचे. स्पर्धक दर काही मिनिटांनी समोरून जातात, म्हणून लोक लेकरांसह घंटा वाजवत चिखलात उभे राहतात. आपल्या पांदणीतून पावसाळ्यात सायकल नेलेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसली की सायकल खांद्यावर घ्यावीच लागते, फक्त तिथे घंटा कोणी वाजवत नाही. चढ-उतार, धावणे आणि तोल यांमुळे यात पायांबरोबर कंबर आणि खांदेही कामाला लागतात, आणि वेग कमी असल्याने पडलात तरी बहुधा चिखलातच पडता.

यासाठी लाकडी ट्रॅकची वाट पाहायची गरज नाही. शाळेचे मैदान, हेल्मेट घातलेली दहा मुले आणि दर दोन फेऱ्यांनी मागच्याला बाद करणारा एक शिट्टीवाला, एवढ्यावर एलिमिनेशन होऊ शकते. बाद झालेला कडेला उभा राहून ओरडायला मोकळा. सायकल मात्र दोन्ही ब्रेक नीट लागणारीच हवी. बिनब्रेकची ट्रॅक सायकल हौसेने वर्धा रोडवर आणण्याचा मोह आवरा.