फासाचा ताईत करणारं शहर

बेल्जियमला जाणारा मराठी पर्यटक ब्रसेल्सच्या चौकात फोटो काढतो, ब्रुजच्या कालव्यात बोटीतून फिरतो, चॉकलेटांचे डबे भरतो आणि पुढच्या देशाच्या बसमध्ये बसतो. ब्रसेल्स आणि ब्रुज यांच्या मधोमध, ब्रसेल्सहून ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर गेंट आहे. बहुतेकांना ते खिडकीतून दिसतं, तेवढंच. आम्ही, म्हणजे मी आणि माझी सत्तरीची मावशी, तिथे तीन दिवस राहिलो. दोन दिवस ठरले होते, तिसरा मावशीच्या हट्टाने वाढला.

आधी नावाचं. आपण गेंट म्हणतो. तिथले लोक पहिलं अक्षर घशातून खरवडून 'खेंट'च्या जवळपास काहीतरी म्हणतात. फ्रेंच लोक 'गाँ' म्हणतात. इंग्रजी इतिहासातला 'जॉन ऑफ गाँट' हाही इथलाच. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा हा मुलगा १३४० मध्ये इथे जन्मला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. इंग्लंडच्या राजाचं इथे काय काम? लोकर. इंग्लंडच्या मेंढ्यांची लोकर आणि गेंटच्या विणकरांचे माग यांवर हे शहर इतकं गबर झालं, की चौदाव्या शतकात आल्प्सच्या उत्तरेला पॅरिसनंतर गेंटचंच नाव घेतलं जाई. पैसा आला की माज येतो असं म्हणतात. गेंटकरांना माज आला की कणा, हे कुणाला विचाराल त्यावर अवलंबून आहे.

शहर बघायला सुरुवात कॅथीड्रलपासून करा, असं सगळी माहितीपत्रकं सांगतात. माझं मत वेगळं आहे. सुरुवात प्रिन्सेनहोफपासून करावी. शांत निवासी भाग आहे, गर्दी नाही. एके काळी इथे मोठा राजवाडा होता आणि २४ फेब्रुवारी १५०० रोजी त्यात पाचवा चार्ल्स जन्मला. पुढे स्पेनपासून नेदरलँड्सपर्यंत आणि अटलांटिकपलीकडेही ज्याचं राज्य पसरलं, तोच हा बादशहा. राजवाड्याची आज एक कमान तेवढी शिल्लक आहे. तिथून जवळच एक पुतळा आहे, पण तो बादशहाचा नाही. अनवाणी, अंगात नुसता लांब सदरा आणि गळ्यात दोरीचा फास अडकवलेल्या एका माणसाचा आहे.

गोष्ट अशी. चार्ल्सची फ्रान्सशी लढाई चालू होती आणि त्यासाठी १५३७ मध्ये फ्लँडर्सवर जबर कर बसवला गेला. गेंटने कळवलं, पैसे मिळणार नाहीत, हवी तर माणसं देतो. प्रकरण चिघळत गेलं आणि १५३९ मध्ये उघड बंड झालं. चार्ल्स स्वतः सैन्य घेऊन आपल्या जन्मगावी आला. म्होरक्यांची मुंडकी उडवली. शहराचे सगळे जुने हक्क काढून घेतले. घंटाघरातली रोलांड नावाची मोठी घंटा लोकांना गोळा करायला वाजायची, म्हणून शिक्षेत तीही सापडली. सेंट बाव्होचा प्राचीन मठ पाडून त्या जागी शहरावर तोफा रोखणारा किल्ला बांधायला घेतला. आणि ३ मे १५४० ला गावातल्या प्रतिष्ठितांना रस्त्यातून चालत येऊन बादशहापुढे गुडघे टेकायला लावले. त्यातल्या काहींना अनवाणी, नुसत्या सदऱ्यात, गळ्यात फास घालून.

दुसऱ्या कुठल्या गावाने हा दिवस पुसून टाकला असता. गेंटकर मात्र स्वतःला आजही 'स्ट्रॉपेनड्रागर' म्हणवतात, म्हणजे फास वागवणारे. १८४३ पासून चालत आलेली त्यांची जत्रा जुलैच्या मध्यात दहा दिवस भरते. तेव्हा पांढरे सदरे घातलेले लोक गळ्यात खरोखरचे दोर अडकवून मिरवणूक काढतात. बादशहाने दिलेला फास गावाच्या गळ्यातला ताईत झाला. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून फिरलात तर गेंटमधली निम्मी ठिकाणं आपोआप एकमेकांशी बोलायला लागतात.

प्रिन्सेनहोफहून पाच-सात मिनिटं चाललं की ग्राव्हेनस्टीन, काउंटांचा किल्ला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला किल्ला म्हणजे डोंगर, दम आणि ताकाचा पेला. इथे ट्रामच्या रुळांना लागून, भर बाजारात, पाण्याचा खंदक आणि बुरूज. आपल्या हिशेबाने ही गढीच. फिलिप नावाच्या काउंटाने ती ११८० मध्ये बांधली, आणि तीही शत्रूपेक्षा गावातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांवर वचक बसावा म्हणून. पुढे तिथे न्यायालय झालं, तुरुंग झाला आणि एकोणिसाव्या शतकात चक्क सूतगिरणी. ती कशी आली, तेही ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडबाहेर सूतकताईची यंत्रं न्यायला बंदी असताना लीव्हन बाऊवेन्स नावाच्या गेंटच्या माणसाने १७९८ च्या सुमाराला ती सुटी करून चोरून आणली आणि गेंट गिरणगाव झालं. त्या काळचं यंत्र इथल्या उद्योग संग्रहालयात आहे. ज्यांच्या घरात कुणी लालबाग-परळच्या गिरणीत होतं, त्यांनी तिथे जरूर जावं.

किल्ल्याला शेवटचा वेढा पडला तो १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये. बिअर महागली म्हणून १३८ विद्यार्थी आत शिरले, दरवाजे अडवले आणि खाली जमलेल्या पोलिसांवर सडकी फळं फेकली. काही तासांत सगळं आटोपलं, कुणाला मोठी शिक्षाही झाली नाही. विद्यार्थी अजून दरवर्षी त्याची आठवण काढतात. कराविरुद्धचं बंड काय आणि बिअरच्या भावाविरुद्धचं काय, घराणं एकच.

किल्ल्यासमोरचा सिंट-फेर्लेप्लाइन हा चौक ओलांडून पूल पार केला की भाजीबाजार, ग्रुंटेनमार्क्ट. इथे एक मोहरीचं दुकान आहे, टिरेंटाइन-फेर्लेंट. धंदा १७९० पासूनचा. जुनी लाकडी फडताळं, त्यावर ओळीने बरण्या आणि मध्ये एक लाकडी पिंप. बाई पिंपात डाव घालते, बरणी भरते, झाकण लावते. बोटावर घेतलेला थेंब जिभेवर ठेवला आणि क्षणभराने नाकातून थेट कपाळात कळ गेली. मावशी डोळे पुसत म्हणाली, "अगं, ही तर फेसलेली मोहरी! लोणच्यात घालायची." बरणी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायची असते, नाहीतर तिखटपणा उतरतो.

त्याच चौकात हातगाड्यांवर 'क्युबरडॉन' मिळतं. जांभळ्या रंगाचं, शंकूसारखं, बाहेरून कडक आणि आत रासबेरीचा पातळ पाक. आकारावरून गावात त्याला 'नाकुली' म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत आतला पाक साखर धरतो, म्हणून ते फार लांब पाठवता येत नाही. इथेच खाऊन घ्यावं. शेजारी शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन गाडीवाल्यांचं भांडण इतकं गाजलं, की वर्तमानपत्रांनी त्याला 'नाकांचं युद्ध' असं नाव दिलं होतं.

खाण्याचं निघालंच आहे तर, आम्ही पोचलो तो गुरुवार होता आणि मावशी गुरुवार पाळते. मी हॉटेलात शाकाहाराची चौकशी करायला लागले, तर कळलं की २००९ पासून गेंट शहराने गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून जाहीर केला आहे. नगरसेवक आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, मग शाळांच्या जेवणातही तो आला. कारण पर्यावरणाचं आहे. मावशीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दत्ताचा वार आहे, कारण काही का सांगेनात." बाकीच्या दिवशी मांसाहार करणाऱ्यांनी 'वॉटरझोई' मागवावं. कोंबडीचं, साय घातलेलं, पातळसर कालवण असतं. आपल्या जिभेला अळणी लागेल. मोहरीची बरणी अशा वेळी कामी येते.

ग्रासलाय हा नदीकाठ म्हणजे गेंटच्या प्रत्येक कॅलेंडरवरचं चित्र. लाय नदी, काठावर पायऱ्यापायऱ्यांच्या कपाळपट्ट्यांची गिल्डांची घरं आणि घाटासारखे पाय सोडून बसलेले विद्यार्थी. एक गुपित फोडते. यातलं बरंच काही १९१३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सजवून, दुरुस्त करून उभं केलं आहे. गवंडी गिल्डचं घर तर १९१२ मध्ये केलेली नक्कल. गंमत म्हणजे १९७६ मध्ये मूळ घर सेंट निकोलस चर्चसमोर दुसऱ्या इमारतीच्या दर्शनी भिंतीमागे दडलेलं सापडलं. आज त्याच्या माथ्यावर वाऱ्याबरोबर गिरक्या घेणारे छोटे सैतान नाचत असतात. म्हणजे दोन्ही बघता येतात, खरं आणि खोटं, पाच मिनिटांच्या अंतरावर.

सेंट मायकेलच्या पुलावर उभं राहिलं की तीन मनोरे एका रांगेत येतात: सेंट निकोलस, ९१ मीटरचं घंटाघर आणि सेंट बाव्होचं कॅथीड्रल. घंटाघराच्या टोकावर १३७७ पासून एक ड्रॅगन पहारा देतो. पायथ्याशी २०१२ मध्ये बांधलेला उतरत्या छपरांचा मोठा मंडप आहे. वास्तुविशारदांनी त्याचं कौतुक केलं आणि गावाने त्याला 'मेंढवाडा' म्हणायला सुरुवात केली.

सेंट बाव्होचं नावही त्याच १५४० च्या शिक्षेतून आलेलं. मठ पाडला, तिथले धर्मगुरू सेंट जॉनच्या चर्चमध्ये आले आणि येताना नाव घेऊन आले. पाडलेल्या मठाचे अवशेष गावाच्या पूर्वेला आहेत. चर्च जिथे होतं तिथे आता कापून नीट केलेली हिरवी कुंपणं भिंतींच्या जागा दाखवतात.

कॅथीड्रलमध्ये यायचं ते व्हॅन आयक बंधूंच्या चित्रासाठी. थोरल्या ह्यूबर्टने सुरू केलेलं आणि धाकट्या यानने १४३२ मध्ये पुरं केलेलं, ओकच्या फळ्यांवरचं तैलचित्र. त्याच्याइतका प्रवास क्वचितच एखाद्या चित्राने केला असेल. फ्रेंचांनी मधले भाग पॅरिसला नेले, बाजूच्या फळ्या विकल्या जाऊन प्रशियात गेल्या, त्या पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने परत आल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सगळंच उचललं आणि ते सापडलं ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत. एक फळी मात्र अजून परतलेली नाही. १९३४ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत दोन भाग चोरीला गेले, दहा लाख फ्रँकची खंडणी मागितली गेली. त्यातला एक चोराने परत केला. 'न्यायी न्यायाधीश' नावाचा दुसरा कुठे आहे, हे मला एकट्यालाच माहीत आहे, असं सांगून एका शेअर दलालाने त्याच वर्षी प्राण सोडला. आज तिथे नक्कल बसवलेली आहे. न्यायाधीशच बेपत्ता, यावर गेंटकर अजून हसतात.

चित्राच्या मध्यावर यज्ञवेदीवर कोकरू उभं आहे. सोळाव्या शतकात कुणीतरी त्याचा चेहरा रंगवून साधा, मेंढीसारखा केला होता. आताच्या जीर्णोद्धारात तो रंग उतरवला आणि खालून व्हॅन आयकचं कोकरू वर आलं: समोर रोखलेले, माणसासारखे डोळे. जगभर त्याची थट्टा झाली. काचेपलीकडून ते बघताना थट्टा सुचत नाही. मावशी दोन पावलं डावीकडे सरकली, मग उजवीकडे. "कुठूनही आपल्याकडेच बघतंय," ती पुटपुटली. तिकिटावर वेळ ठरलेली असते. सकाळची घ्या, पुढे शाळांच्या सहली येतात.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा किल्ल्यासमोरच्या चौकात बसलो होतो. इथे पूर्वी गुन्हेगारांना मृत्युदंड देत. आता चौकातल्या दिव्यांना एक काम जास्तीचं आहे: गावातल्या प्रसूतिगृहात मूल जन्मलं, की तिथून एक बटण दाबलं जातं आणि इथले दिवे सावकाश उजळून पुन्हा मंद होतात. अल्बेर्तो गारुत्ती या इटालियन कलावंताची ही कल्पना. मावशीला ते सांगत होते तेवढ्यात डोक्यावरचा उजेड हळूच वाढला, ओसरला. समोरून ट्राम गेली, सायकलवाल्या पोराने घंटी वाजवली, वर कुणी पाहिलंही नाही. मावशीने हातातलं क्युबरडॉन तसंच धरलं आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?"