मोटार उचलतांना

२०२२ सालीं नागपूर ते शिर्डीपर्यंत खुला झालेला समृद्धि महामार्ग आमच्या दुसरबीडजवळून जातो. अशा रस्त्यावर ठेंगण्या, वेगवान मोटारी धांवणारच. त्यांतील पुष्कळांस निराळी चौकट नसते. दारांखालीं पत्रे जोडून झालेल्या कडेवर ठराविक ठिकाणींच भार पेलण्याची योजना असते. १४०० किलोंची मोटार एका कोपऱ्यास उचलली, तर तेथें ३५० किलो किंवा अधिकहि भार येतो. उघड्या लोखंडी जॅकनें ती कड दुमडते, रंग उडतो व गंज शिरतो. म्हणून खांच असलेली रबरी गादी मध्यें ठेवावी. कड खांचेंत राहते व भार भोंवतालच्या पत्र्यावर पसरतो. दुमडलेल्या कडेवरून जॅक निसटूं शकतो. यास्तव भक्कम स्टँड दिल्यावांचून मोटारीखालीं कोणींहि शिरूं नये.