दूरची खेप कीं जवळची फेरी ?

शेतकऱ्याच्या घरांतील धाकट्या मुलानें मालमोटारीचें चाक हातीं धरावें, ही गोष्ट आतां आमच्या निफाड तालुक्यांत नवलाची राहिलेली नाहीं. लासलगांव-पिंपळगांवच्या बाजारांतून कांद्याच्या गाड्या दिल्लीकडे व कोलकात्याकडे निघतात; द्राक्षांच्या हंगामांत त्यांत आणखी भर पडते. मालमोटारीच्या परवान्यास आठवी उत्तीर्ण असण्याची जी अट पूर्वीं होती, ती २०१९ सालीं निघाली; तेव्हांपासून शाळा अर्ध्यावर सोडलेल्या तरुणांसही हा मार्ग मोकळा झाला आहे. तीन एकरांवर दोन भावांचें भागत नाहीं, तेव्हां एकानें गाडीवर जावें हें ओघानेंच येतें. प्रश्न एवढाच उरतो कीं, दूरच्या खेपेवर जावें कीं जवळच्या फेरीवर? या प्रश्नाचें उत्तर बहुतेक घरांत पगाराच्या आंकड्यावरून दिलें जातें. आम्हींही तसेंच दिलें होतें. त्यांत आमची जी चूक झाली, ती वाचकांपुढें ठेवावी या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमची उभी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. रकाने आंखणें, बेरजा जुळविणें आणि शेवटीं ‘एकूण’ या रकान्यापुढें आंकडा भरून कागद साहेबांच्या सहीस ठेवणें, हेंच आमचें काम. तीन वर्षांपूर्वीं आमचा पुतण्या दोन नोकऱ्यांचें बोलणें घेऊन आमच्याकडे आला. “तात्या, तुम्ही हिशेबी माणूस. यांतली कोणती धरूं तें तुम्हींच सांगा,” असें तो म्हणाला.

पहिली नोकरी एका वाहतूकदाराकडील. दरमहा १८,००० रुपये पगार, आणि दिल्लीच्या आझादपूर बाजारापर्यंत जाऊन परत येण्याच्या प्रत्येक खेपेस ४,००० रुपये भत्ता. महिन्यास तीन खेपा, म्हणजे एकूण ३०,००० रुपये. दुसरी नोकरी गांवोगांवचा भाजीपाला व द्राक्षें गोळा करून नाशिकास व वाशीच्या बाजारास पोंचविणाऱ्या एका संस्थेकडील. पगार दरमहा १९,००० रुपये, व त्यांतूनही कांहीं कपात. आम्हीं दोन्ही आंकडे शेजारीं मांडले आणि निकाल देऊन टाकला : “अरे, महिन्याला अकरा हजारांचा फरक आहे. विचार कसला करतोस?” थोरले बंधु, म्हणजे मुलाचे वडील, गप्प बसून होते. वहिनी मात्र दारांतून म्हणाल्या, “रात्रीं वीज आल्यावर कांद्याचीं दारें कोण धरील?” त्या प्रश्नाचा रकाना आमच्या कागदावर नव्हता. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

मुलगा जून महिन्यांत दूरच्या गाडीवर गेला. पहिल्या दोन खेपांत घरांत रोख पैसा आला, तेव्हां आमचा सल्ला अचूक ठरला असें सर्वांस वाटलें. पुढें दिवाळीस तो घरीं आला असतां त्याची खर्चाची लहानशी वही आम्हीं पाहिली, आणि आमच्या ‘एकूण’ या रकान्यास प्रथमच तडा गेला.

दूरच्या खेपेचा व्यवहार असा चालतो. गाडी निघतांना मालक चालकास उचल देतो. तींतून डिझेल, वाटखर्च व किरकोळ दुरुस्ती भागवावयाची आणि परत आल्यावर हिशेब द्यावयाचा. डिझेल ठरलेल्या प्रमाणापेक्षां अधिक जळलें, तर फरक पुष्कळ ठिकाणीं चालकाच्या पगारांतून कापला जातो. मग रस्ता घाटाचा असो कीं तासन् तास वाहनांच्या रांगेंत गेलेला असो. मालांत तूट आली तरी तीच गत. कांदा हा जिवंत माल आहे. उन्हाळ्यांत चार दिवसांच्या वाटेनें त्याचें वजन कमी होणें हा त्याचा धर्मच आहे, आणि आमच्या वाचकांस तें सांगावयास नको. तरीही आमच्या पुतण्याच्या एका खेपेचा भत्ता ‘तूट’ या एका शब्दाखालीं मालकानें कापून घेतला. दाद कोठें मागावी? नेमणुकीचा एक ओळीचा कागदही त्याच्यापाशीं नव्हता.

आतां वेळेचा हिशेब पाहूं. पिंपळगांवाहून दिल्लीस जाणें-येणें सुमारें अडीच हजार किलोमीटर होतें. भरलेली गाडी दिवसाकांठीं चारशें किलोमीटर चालली, असें धरलें तरी चाकावरचेच सहा दिवस झाले. माल भरणें, उतरविण्यासाठीं नंबर लागणें, परतीचें भाडें मिळेपर्यंत थांबणें, हें सर्व मिळून एका खेपेस साडेआठ-नऊ दिवस जातात. म्हणजे तीन खेपांत महिन्याचे २६ दिवस संपले. या २६ दिवसांत ढाब्यावरचें जेवण, चहा व आंघोळ यांस त्याच्या वहीप्रमाणें रोज ३५० रुपये लागले. एकूण खर्च ९,१०० रुपये. तीस हजारांतून ते वजा जातां २०,९०० उरले. रोज दहा तास चाक व चार तास मालाची राखण धरली, तर कामाचे तास ३६४ होतात. म्हणजे तासास सुमारें ५७ रुपये पडले.

याच रीतीनें दुसऱ्या नोकरीचा कागद आम्हीं पुन्हां काढला. पगारांतील १५,००० रुपयांवर शेंकडा १२ प्रमाणें भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० रुपये आणि राज्य विमा योजनेचे १४३ रुपये कापून हातीं १७,०५७ येणार होते. दुपारची भाकरी घरची. वाटेंतील चहापाण्याचे रोजचे ४० रुपये धरले, तर २६ दिवसांचे १,०४० होतात. उरले १६,०१७. परंतु कापलेले १,८०० बुडालेले नसून मुलाच्याच नांवावर जमा होतात, व मालकासही तितकेच १,८०० घालावे लागतात. मालकाच्या त्या रकमेपैकीं १,२५० निवृत्तिवेतनाकडे जातात व ५५० निधींत. हे ३,६०० मिळविले म्हणजे १९,६१७ रुपये होतात. कामाचे तास रोज दहा धरले तरी महिन्याचे २६०. तासास ७५ रुपये पडले.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या अकरा हजारांच्या फरकावर आम्हीं मुलाचें भवितव्य ठरविलें, तो फरक शेवटीं १,२८३ रुपयांवर आला. आणि त्या १,२८३ रुपयांसाठीं महिन्यास १०४ तास अधिक द्यावे लागत होते. शेतावर रात्रीं पाणी धरण्यास गडी ठेवावा, तर तोच हंगामांत महिन्यास चार हजार मागत होता. वहिनींचा प्रश्न या रकान्यांत बसतो.

हिशेब कळला, पण मुलगा लगेच परत येऊं शकला नाहीं. उचल अंगावर होती. त्याच पौषांत एका रात्रीं बंधु कांद्यास पाणी धरावयास गेले असतां बांधावरच छातींत कळ येऊन बसले. शेजाऱ्यांनीं त्यांस नाशिकास नेलें. मुलास फोन लागला तेव्हां गाडी ग्वाल्हेर ओलांडून पुढें गेली होती. लोकांचा लाखोंचा माल आणि मालकाची गाडी रस्त्यावर सोडून येतां येत नाहीं. दिल्लीस माल उतरवून, गाडी दुसऱ्याच्या हातीं देऊन, रेल्वेनें तो घरीं पोंचला तेव्हां तिसरी रात्र उलटली होती. बंधु वांचले, ही देवाची कृपा. पण त्या पंधरवड्यांत नव्या लागवडीस पाणी मिळालें नाहीं व अर्ध्या एकराचीं रोपें वाळून गेलीं.

आणखी एक गोष्ट आमच्या खात्याची म्हणून सांगतों. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे, व पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाइलवर करावयाची असते. २०२३ सालीं सरकारनें कांद्यास क्विंटलमागें ३५० रुपये अनुदान दिलें, तेव्हां सात-बारावरील कांद्याची नोंद मागितली गेली आणि नोंदीवांचून कित्येकांची धांवपळ झाली. घरांत मोबाइल चालविणारा एकच मुलगा, आणि तो सदां परमुलखांत. अशा घरांत ही नोंद राहून जाते. आमच्या बंधूंचीही त्या वर्षीं राहिली. आयुष्य पीकपाहणीच्या कागदांत काढलेल्या आम्हांस हें सांगतांना संकोच वाटतो.

दूरच्या खेपेची केवळ निंदा करावी, असा मात्र आमचा हेतु नाहीं. त्या चौदा महिन्यांत, पोटास चिमटा घेऊन, मुलानें विकास सोसायटीचें ८०,००० रुपयांचें थकलेलें कर्ज फेडलें. जवळच्या नोकरींत हातीं रोख कमी येते. त्या मुदतींत तें फिटलें नसतें. ज्याच्या घरीं दुसरा कर्ता भाऊ आहे, ज्यास जमीन नाहीं किंवा डोक्यावर व्याजाचें ओझें आहे, त्यानें कांहीं काळ दूरची खेप धरली तर तो चुकतो असें आम्ही म्हणणार नाहीं. रस्त्यावरचा त्रासही पूर्वीइतका उरलेला नाहीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि नाक्या-नाक्यांवरची तिष्ठत बसण्याची पाळी बरीच टळली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींच्या केबिनीस वातानुकूलन सक्तीचें झालें आहे.

तसेंच, जवळची म्हणून प्रत्येक नोकरी चांगली, असेंही नाहीं. टेंपोवर रोजाच्या बोलीनें जाणाऱ्यास काम असेल त्या दिवशींच पैसा मिळतो. उंसाच्या वाहतुकीवर असलेल्यास कारखान्याचा पट्टा पडला कीं घरीं बसावें लागतें. जेथें हजेरीपत्रक नाहीं व निधि नाहीं, तेथें जवळ असण्याचा लाभ तो काय? रात्रीं घरची भाकरी, एवढाच.

याकरितां नोकरी दूरची असो वा जवळची, ‘हो’ म्हणण्यापूर्वीं पांच गोष्टी विचारून घ्याव्या. पहिली, नेमणुकीचें पत्र मिळेल काय? अपघात झाल्यास आपण त्या मालकाचे नोकर होतों, हें या पत्रावांचून सिद्ध करणें कठीण जातें. नव्या कामगार संहितांनीं, ज्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आल्या, असें पत्र देणें मालकावर बंधनकारक केलें आहे. दुसरी, भविष्यनिर्वाह निधि व राज्य विमा आहे काय? निधि सामान्यतः वीस व विमा दहा माणसांच्या आस्थापनेस लागू होतो. एकदोन गाड्यांच्या मालकाकडे बहुधा दोन्ही नसतात. निधीच्या निवृत्तिवेतनास दहा वर्षांची नोकरी लागते, हेंही ध्यानांत ठेवावें. विम्यांत कुटुंबास औषधपाणी आणि चालक आजारी पडल्यास वर्षांत ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या शेंकडा ७० प्रमाणें रक्कम मिळते. तिसरी, डिझेलचा फरक व मालाची तूट कोणाच्या माथीं, आणि किती मर्यादेपर्यंत? चौथी, गाडी भाड्यावांचून वा दुरुस्तीस उभी राहिली, तर त्या दिवसांचा पगार चालू राहतो काय? पांचवी, विश्रांति किती, आणि लांबच्या वाटेस दुसरा चालक बरोबर असतो काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास आठ तास, व लांबच्या वाटेसही दहाच तास, अशी मर्यादा घातली होती. तो कायदा आतां नव्या संहितेंत सामावला आहे, व आठ तासांचा दिवस तींतही कायम आहे. आमच्या पुतण्याचे चौदा तास कोणत्याच कायद्यांत बसत नव्हते. डोळा लागून गाडी उलटली नाहीं, हें नशीब.

हल्लीं तो त्याच भाजीपाल्याच्या संस्थेंत लागला आहे. पहांटे चारला निघतो, दुपारीं परत येतो, आणि वीज रात्रपाळीची असली कीं स्वतः दारें धरतो. परवां त्यानें आपल्या निधीचा उतारा आम्हांस मोबाइलवर दाखविला. आम्हीं रकम विचारली, तर हंसून म्हणाला, “तात्या, रकम नंतर पाहा. अगोदर कामाचे तास विचारा.”

पोराचें म्हणणें रास्त आहे. पगार हा महिन्याच्या आंकड्यानें मोजावयाचा नसतो. जेवणखर्च वजा जातां किती उरलें, त्यासाठीं किती तास गेले, म्हातारपणासाठीं काय जमा झालें आणि मागें शेताचें काय झालें, हे चार रकाने भरल्याशिवाय ‘एकूण’ लिहूं नये. ज्यांच्या घरीं असा निर्णय व्हावयाचा असेल, त्यांनीं एका संध्याकाळीं मुलास जवळ बसवून हे रकाने आंखावे. आणि घरांतील बायकामाणसें जें विचारतील, त्यास सर्वांत आधीं जागा ठेवावी, एवढी विनंति करून आम्ही येथें थांबतों.